लहान खोलीतला आवाज: घुमारा कुठून येतो आणि तो कसा आवरायचा

जेमतेम सामान असलेल्या खोलीत मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळी संपली तरी मागे एक किनरी झिणझिण रेंगाळते. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत बसतात, त्याचा हा परिणाम. आता त्याच खोलीत भरपूर बास असलेलं काहीतरी स्पीकरवर लावा आणि खोलीभर हिंडा. कोपऱ्यात बास छातीवर धडकतो आणि चार पावलं पुढे गेलं की कुठे गेला ते कळत नाही. दोन्ही दुखणी एकाच खोलीतली, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बहुतेक जण फक्त पहिल्यावर उपाय करतात, तोही अर्धवट, आणि मग बास अजून तसाच का गुरगुरतो म्हणून डोकं धरून बसतात.

हा अर्धवट उपाय म्हणजे फोमच्या पातळ चौकोनी तुकड्यांनी भिंती मढवणं. ते सगळीकडे दिसतात, चिकटवायला सोपे असतात आणि लावल्यावर टाळी खरोखरच स्वच्छ वाजते. पण खोलीत संगीत लावलं की ते गोधडीखालून आल्यासारखं कोंदट वाटतं. याचं कारण आवाजाच्या लहरींच्या लांबीत आहे.

२० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. या वेगाला वारंवारतेने, म्हणजे हर्ट्झमध्ये मोजलेल्या सेकंदाच्या कंपनांनी, भागलं की एका लहरीची लांबी मिळते. 'स', 'श' उच्चारताना जी सळसळ होते तिच्या आसपासच्या, म्हणजे पाच-सात हजार हर्ट्झच्या लहरी जेमतेम ५ ते ७ सेंटिमीटरच्या असतात. १,००० हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटर. १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर, आणि ४० हर्ट्झची साडेआठ मीटरहून लांब, म्हणजे ती घरातल्या बहुतेक खोल्यांत पुरी मावतही नाही. अडीच सेंटिमीटर जाडीचा फोम यातल्या कुठल्या लहरीला अडवणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. तो वरच्या पट्टीतला आवाज गिळतो आणि खालचा जसाच्या तसा सोडतो. खोली सुधारत नाही, एकांगी होते.

एक गैरसमज आधीच बाजूला करून टाकू. शेजारच्यांचा आवाज आत येऊ नये किंवा आपला बाहेर जाऊ नये म्हणून फोम लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आवाज अडवायला वजन लागतं, हवाबंदपणा लागतो आणि दोन थरांमधला संबंध तोडावा लागतो. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर हिशेबाने फार तर ६ डेसिबलचा (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) फरक पडतो, आणि दाराखालची बोटभर फट त्यातलं बरंच काही वाया घालवते. फोमला वजनच नसतं. हा लेख खोलीच्या आतला आवाज सुधारण्यापुरता आहे. आवाज अडवण्याचं काम बांधकामाकडे जातं आणि त्याचा खर्चही तसाच असतो.

खोली किती घुमते हे मोजण्याची रीत वॉलेस सॅबिन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने घालून दिली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं होतं, पण तिथे बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे पुढची सगळी वाक्यं मागच्या वाक्यांत कालवली जात. सॅबिनने रात्रीच्या शांततेत जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे आणून ठेवल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवली, आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं. गाद्या वाढवायच्या, पुन्हा मोजायचं, आणि सकाळच्या आत सगळ्या परत नेऊन ठेवायच्या. यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जितका हिस्सा पितो तो, यांची बेरीज. उत्तर सेकंदांत येतं. आवाज बंद केल्यापासून त्याची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा हा वेळ. १९०० मध्ये उघडलेलं बॉस्टनचं सिम्फनी हॉल याच ज्ञानाच्या आधारावर बांधलं गेलं.

आपण हे सूत्र ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोलीला लावून पाहू. घनफळ ३२.४ घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून जवळपास ६२ चौरस मीटर पृष्ठभाग. गुळगुळीत गिलावा आणि फरशी आवाज फारसा पीत नाहीत, म्हणून सरासरी ४ टक्के शोषण धरू. तेवढ्यावर घुमारा येतो २.१ सेकंद. आता त्यात ९० टक्के शोषण करणारे ६ चौरस मीटरचे जाड पॅनेल लावले, तर घुमारा येतो ०.६६ सेकंदावर. आणखी ६ चौरस मीटर लावले तर ०.३९. पहिल्या खेपेला जवळजवळ दीड सेकंद कमी झाला आणि तितक्याच सामानाच्या दुसऱ्या खेपेला पाव सेकंदापेक्षा जरा जास्त. घरी संगीत ऐकायला किंवा बोलायला ०.३ ते ०.५ सेकंद उत्तम. तेव्हा भिंत न भिंत मढवायची गरज नसते. एकूण पृष्ठभागाच्या पाचव्या हिश्शातच काम होतं. सामान असलेल्या खोलीत तर त्याहून कमी, कारण पलंगावरची गादी, कापडी सोफा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट हे सगळं आधीपासून कामाला लागलेलं असतं.

पण सॅबिनचं सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: आवाज खोलीत सगळीकडे सारखा पसरलेला आहे. मोठ्या सभागृहात हे चालून जातं. लहान खोलीत एका मर्यादेखाली ते साफ खोटं ठरतं. ही मर्यादा काढण्याचं सूत्र मानफ्रेड श्रोडर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं. आपल्या खोलीत घुमारा अर्धा सेकंद धरला तर ती २५० हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या वर आवाज चेंडूसारखा आपटत फिरतो असं मानून चालता येतं. तिच्या खाली ते चित्र मोडतं. तिथे आवाज भिंतींच्या मापात अडकून बसतो.

हे अडकणं असं होतं. लहरीची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी भरली की जाणारी लहर आणि भिंतीवरून परत येणारी लहर एकमेकींत बसतात, आणि काही ठिकाणी दाब कायम जास्त तर काही ठिकाणी कायम कमी अशी मांडणी गोठते. ४ मीटर लांबीसाठी ही वारंवारता ४३ हर्ट्झ येते, ३ मीटर रुंदीसाठी ५७ आणि २.७ मीटर उंचीसाठी साधारण ६४. त्यांच्या दुपटी-तिपटीही असतात: ८६, ११४, १२७, १२९, अशा. शिवाय दोन-दोन, तीन-तीन दिशा मिळून तयार होणाऱ्या वेगळ्याच. हे सूर खोली फुगवून दाखवते आणि स्पीकर थांबला तरी लगेच सोडत नाही. बासची एकेक नोट सुटी ऐकू न येता सगळं मिळून गुरगुर होते, ती यामुळे. लांबी आणि रुंदी सारखी असेल तर दोघींचे सूर एकमेकांवर चढतात आणि दुखणं दुणावतं. तिन्ही मापं सारखी असलेली खोली सगळ्यांत वाईट.

यात एक गंमत आहे, आणि ती फुकट तपासता येते. बऱ्यापैकी बास देणाऱ्या स्पीकरवर खोलीच्या लांबीचा सूर, आपल्या उदाहरणात ४३ हर्ट्झ, एकसारखा लावून ठेवा. एका टोकाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि सावकाश दुसऱ्या भिंतीकडे चालत जा. भिंतीशी सूर दणदणीत असतो, चालता चालता उतरत जातो, बरोबर मध्यावर जवळजवळ विरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. स्पीकर तोच, आवाज तेवढाच, बदललं ते फक्त उभं राहायचं ठिकाण. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बास पुरत नाही म्हणून तो वाढवणारे आणि मागच्या भिंतीला टेकून बसून बास फार होतो म्हणून तो कमी करणारे एकाच खोलीतले असू शकतात!

म्हणून माझ्या मते पहिला दिवस काहीही विकत न घेता सामान सरकवण्यात घालवावा. स्पीकरचं तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, डावीउजवीकडच्या भिंतींपासून दोघांचं अंतर सारखं ठेवा. बसायची जागा मध्यावर नको आणि मागच्या भिंतीला खेटून तर नकोच. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसावं असा एक ठोकताळा सांगितला जातो. ४ मीटरच्या खोलीत म्हणजे दीड मीटरवर. तो देवाचा शब्द नव्हे, पण सुरुवात करायला चांगली जागा आहे. तिथून पुढेमागे सरकत आपल्या कानाला पटेल तिथे थांबावं.

स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवायचा यातही असाच एक हिशेब लपलेला आहे. बासच्या पट्टीत स्पीकरचा आवाज मागेही जातो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. हे जाणंयेणं अर्ध्या लहरीइतकं भरलं की परतलेला आवाज मूळ आवाजाच्या बरोबर उलटा पडतो आणि त्याला खातो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून १ मीटरवर असेल तर हा खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो, ऐन बासच्या मध्यात. तेच अंतर २० सेंटिमीटर केलं तर खड्डा ४२९ हर्ट्झजवळ सरकतो, आणि तिथे मागच्या भिंतीवर लावलेलं जाड पॅनेल त्याला बऱ्यापैकी आवरू शकतं. स्पीकर भिंतीपासून जितका लांब तितका चांगला, हा सल्ला मोठ्या खोल्यांत ठीक असतो. लहान खोलीत बऱ्याचदा उलटं करणं फायद्याचं ठरतं. बास जरा वाढतो, पण वाढलेला बास कमी करता येतो, खाल्लेला परत आणता येत नाही.

आता शोषणाचं साहित्य. ग्लासवूल, रॉकवूल, उघड्या छिद्रांचा फोम हे सगळे एकाच तत्त्वावर चालतात. हवेचे कण आवाजाबरोबर पुढेमागे हलतात, तंतूंच्या जाळ्यातून जाताना त्यांचं घर्षण होतं आणि आवाजाच्या ऊर्जेची किंचित उष्णता होते. म्हणजे शोषण व्हायला हवा हलली पाहिजे. आणि अगदी भिंतीला चिकटून हवा हलूच शकत नाही, तिथे भिंत आहे! हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव लहर अंतरावर. १०० हर्ट्झसाठी हे अंतर ८६ सेंटिमीटर होतं. अडीच सेंटिमीटर फोमला हा फायदा मिळतो तो थेट ३,४०० हर्ट्झच्या पुढे. १० सेंटिमीटर जाडीच्या पॅनेलला साडेआठशे हर्ट्झच्या आसपास, आणि तेच पॅनेल भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून टांगलं तर सव्वाचारशेला. या आकड्यांखाली शोषण एकदम बंद होत नाही, हळूहळू ओसरतं. पण मागची पोकळी ही फुकटात मिळणारी जाडी आहे आणि ती न वापरणारे खूप.

कोपऱ्यांना महत्त्व आहे ते यामुळेच. खोलीत अडकलेल्या प्रत्येक सुराचा दाब कोपऱ्यात शिगेला असतो, कुठल्याही मापाचा सूर घ्या, त्याचं एक टोक तिथे येतंच. भिंती जिथे मिळतात तिथे जाड पॅनेल तिरकं उभं केलं की त्याच्यामागे आपोआप खोल पोकळी तयार होते. बासवरचा खर्च करायचा तर तो इथे करावा, जमिनीपासून छतापर्यंत, आणि जाडी १० सेंटिमीटरहून कमी नको. विटांच्या किंवा काँक्रीटच्या खोलीत याची गरज जास्त, कारण त्या भिंती बास आत कोंडून ठेवतात. हलक्या पोकळ पार्टिशनची भिंत थोडी थरथरते आणि थोडा बास पलीकडे सोडून देते. शेजाऱ्याला त्रास, आपल्याला सोय. तीच गोष्ट उघड्या दाराची. सॅबिनने उघडी खिडकी हेच पूर्ण शोषणाचं माप धरलं होतं, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

पॅनेल घरी करणं अवघड नाही. लाकडी चौकट, आत रॉकवूल किंवा ग्लासवूल, वरून कापड. कापड तोंडाला लावून फुंकून पाहावं, फुंकर सहज आरपार गेली पाहिजे. प्लास्टिकचा कागद किंवा रेक्झीन ताणलं तर वरच्या पट्टीतला आवाज तिथूनच परत फिरतो. तंतूंनी अंगाला खाज येते आणि ते श्वासात जाणं चांगलं नाही, म्हणून भरताना हातमोजे आणि मास्क घालावा, आणि आत एक पातळ कापडी अस्तर द्यावं. फोम घ्यायचाच तर तो आग पटकन न धरणारा आहे याची खात्री करून घ्यावी. साधा फोम भडकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. थर्माकोलची छिद्रं बंद असतात, हवा त्यातून जात नाही, तेव्हा आवाज शोषायला त्याचा उपयोग शून्य. अंड्यांच्या ट्रेची कीर्ती कशी पसरली कोण जाणे, तेही जवळपास निकामीच. पडदा लावणार असाल तर जाड, भरपूर चुण्यांचा आणि भिंतीपासून हातभर पुढे लावा. ताणून बसवलेला पातळ पडदा शोभेचा.

कोपरे झाले की पॅनेल कुठे? इथे एक आरसा आणि एक मदतनीस पुरे. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि त्याला बाजूच्या भिंतीवर आरसा कानाच्या उंचीवर धरून सरकवत न्यायला सांगा. जिथे आरशात स्पीकर दिसतो तिथूनच त्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्या कानात येतो. तिथे खूण करा. दुसऱ्या स्पीकरचीही करा, मग समोरची भिंत आणि छत. छताला लोक विसरतात, आणि बऱ्याच खोल्यांत तेच सर्वांत जवळचं असतं. ज्यांचं ऐकणं टेबलावरच्या लहान स्पीकरवर आहे त्यांच्यासाठी टेबलाचा पृष्ठभागही एक भिंतच आहे; स्पीकर स्टँडवर उचलून थोडे तिरके केले की फरक तिथल्या तिथे कळतो.

हे पहिले पडसाद वेगळे ऐकू येत नाहीत. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की मूळ आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला पडसाद कान वेगळा मानत नाही, मूळ आवाजातच मिसळून घेतो. लहान खोलीत पडसादाचा रस्ता एखाद-दोन मीटरनेच जास्त असतो, म्हणजे तो ३ ते ६ मिलिसेकंदांत हजर. प्रतिध्वनी ऐकू आला नाही तरी तो आपलं काम करून जातो. रस्ता १ मीटरने लांब असेल तर १७२, ५१५, ८५८ हर्ट्झ अशा ठिकाणी एकेक खाच पडते आणि माणसाचा आवाज किंचित पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो.

इथे हात आवरायलाही शिकावं. सगळीकडे पॅनेल लावून पूर्ण मुकी केलेली खोली पाच मिनिटांत नकोशी होते, बोलताना स्वतःचाच आवाज परका वाटतो. मागच्या भिंतीवर आवाज गिळण्याऐवजी विखुरला तर बरं असतं. श्रोडरने १९७५ मध्ये अंकगणितातल्या एका क्रमावरून कमीजास्त खोल खाचांचे विखुरक सुचवले, स्टुडिओंत दिसतात ते त्यांचेच वंशज. पण त्यांच्यापासून थोडं लांब बसावं लागतं, आणि लहान खोलीत तेवढी जागाच नसते. लहानमोठ्या पुस्तकांनी वेडंवाकडं भरलेलं शेल्फ निम्मं काम करतं, आणि वाचायलाही येतं.

ज्यांना ऐकायचं नाही, बोलायचं आहे, म्हणजे ध्वनिमुद्रण किंवा ऑनलाइन मीटिंग, त्यांचं काम बरंच सोपं. खोलीत एक अंतर असं असतं की त्याच्या आत थेट आवाज जास्त आणि बाहेर घुमारा जास्त. आपल्या उघड्या खोलीत ढोबळ हिशेबाने ते अवघं २२ सेंटिमीटर येतं, आणि १२ चौरस मीटर पॅनेल लावल्यावर ५२. मायक्रोफोन अर्ध्या मीटरवर ठेवून उघड्या खोलीत बोललात तर पलीकडच्याला तुमच्यापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. तोच वीतभर अंतरावर आणला तर थेट आवाज ८ डेसिबलने वर येतो, एकही पॅनेल न लावता. बोलताना तोंड उघड्या भिंतीकडे न करता पडदा किंवा कपड्यांच्या कपाटाकडे करावं.

मोजमापाची हौस असेल तर रूम ईक्यू विझर्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि मोजणीचा एक मायक्रोफोन पुरतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून खालपासून वरपर्यंत चढणारा सूर वाजवायचा, की आलेखात डोंगर आणि दऱ्या समोर येतात. डोंगर इक्वलायझरने, म्हणजे आवाजाची हवी ती पट्टी कमीजास्त करणाऱ्या सोयीने, छाटता येतात, आणि छाटावेतही. दरी भरायला मात्र जाऊ नये. तिथे आवाज कमी पडलेला नसतो, दोन लहरी एकमेकींना खात असतात. तुम्ही जितका वाढवाल तितकाच परतणारा आवाजही वाढतो, आणि १० डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते. अशा दरीवर खुर्ची किंवा स्पीकर वीतभर सरकवून पुन्हा मोजायचं, आणि आलेख पुन्हा पाहायचा.